दारं नसलेल्या घरातला मासा

आमचे घरमालक सगळं बोटांनी मोजायचे. चहा तीन बोटं, डाळीत पाणी दोन बोटं. पावसाळ्यात मी शाळेला निघाले की अंगणातल्या घमेल्यात बोट बुडवून सांगायचे, "कालपासून पाच बोटं झाला, बाई." मी विज्ञान शिकवणारी मास्तरीण, वाईकडची, बदली होऊन महाडात आलेली. सेंटीमीटर सोडून बोलणाऱ्या माणसाचं मला आधी हसू आलं, मग राग यायला लागला. "काका, बोट कुणाचं? तुमचं की माझं?" असं मी एकदा फणकाऱ्याने विचारलं, तर त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. "ह्याचं. एकतीस वर्सं नदी ह्यानीच मोजली," म्हणाले आणि चहा प्यायला बसले.

नदी मोजली म्हणजे खरोखरच मोजली. सावित्रीच्या पुलाशी आकडे रंगवलेली पट्टी असते. पावसाळ्यात तासातासाला ती वाचायची आणि वर कळवायची, ही त्यांची सरकारी नोकरी. मूळ गाव रायगडाच्या वाटेवरचं नाते, पण सगळी हयात महाडात त्या पुलावर गेली. निवृत्त झाले तरी सवयी सुटल्या नव्हत्या. खोलीत शिरताना उंबऱ्यावर थांबायचे, आधी जमिनीकडे बघायचे, मग पाऊल आत टाकायचे. रोज सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा बघायचे. "दासगावला भरती असली ना बाई, की महाडचं पानी उतरत नाय. जाणार कुठं? खाली खाडीच वाट आडवून बसलेली." हे मला त्यांनी निदान पन्नास वेळा सांगितलं असेल.

आणि घरात एकही भांडं काठोकाठ भरू द्यायचे नाहीत. मी सकाळची घाई नको म्हणून आदल्या संध्याकाळी बादली भरून ठेवायची. सकाळी बघावं तर अर्धी.

"काका, माझी बादली कुणी ओतली?"

"मी."

"का पण?"

"काठाला आलं व्हतं."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि अर्ध्या बादलीत आंघोळ करायला शिकले.

घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत. वर पत्र्याच्या छपराखाली फळ्यांची माडी, तिच्यावर दोन खोल्या. एकीत काका, दुसरीत मी, आणि मध्ये छोटी बोळ, जिथे खालून लाकडी जिना चढून येतो. खाली तीन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. त्या खालच्या मजल्यावर कोणी राहत नव्हतं आणि तिथे दारं नव्हती. चौकटी होत्या, बिजागऱ्या होत्या, कड्या अडकवायचे कोयंडेसुद्धा जागच्या जागी होते, फक्त दारं नव्हती. रस्त्याच्या बाजूला सरकती जाळी तेवढी होती. काका रोज तिथली फरशी झाडून पुसून लख्ख ठेवायचे. शाळेतून आले की त्या मोकळ्या चौकटींमधून थेट मागच्या स्वयंपाकघराच्या थंड चुलीपर्यंत नजर जायची, आणि का कोण जाणे, मी जिन्याच्या पायऱ्या जरा भरभर चढायची.

खोली दाखवायला नेलं त्या दिवशीच त्यांनी मला विचारलं होतं, "बाई, खालचं बोललेलं वर ऐकू येतं काय?"

"मला काय माहीत? मी आजच आले!"

"बरं. राहिलात की सांगा," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. मला वाटलं, म्हाताऱ्याला चहाड्यांची भीती असेल.

खरं काय ते समोरच्या वहिनींनी सांगितलं. वहिनी माझा डबा करायच्या. डबा देता देता त्यांनी एक दिवस आवाज खाली केला. "त्यांची बायको त्या मोठ्या पुरात गेली गो. ह्याच घरात."

महाडच्या माणसांना पूर नवा नाही. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं की तांदूळ वर, पाचव्या पायरीला लागलं की टीव्ही वर, असं सगळं ठरलेलं. त्या दिवशी सकाळी अख्ख्या आळीने काकांना विचारलं, किती येईल? काकांनी आपल्या भिंतीवर जुन्या पुराची रेघ मारून ठेवली होती, कंबरेएवढी. ती दाखवून म्हणाले, ह्याच्या वर जात नाही. एकतीस वर्षं नदी मोजलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर लोकांनी भात शिजू दिला, चहा घेतले. काकींनीही घेतला. मग काका नोकरीतल्या वह्यांचे गठ्ठे भिजू नयेत म्हणून माडीवर लावत बसले, आणि काकी मागच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्या फडताळावर चढवत होत्या. पाणी रेघेला थांबलं नाही. कधी चढलं ते कळलंच नाही. स्वयंपाकघराचं दार पाण्याने दाबून घट्ट बसलं. काका वह्या आवरून जिन्याशी आले तेव्हा नववी पायरी पाण्यात होती.

"तेव्हापासून एकच घेऊन बसलेत," वहिनी म्हणाल्या. "हिनं हाक मारली असंल का? मारली असंल तर मला वर ऐकू का नाय आली? आम्ही सगळ्यांनी सांगितलं, पत्र्यावर पाऊस असा व्हता की कानाशी बोललेलं कळत नव्हतं. तर म्हणतात, तुम्ही माझी माणसं, तुम्ही असंच म्हणणार. मला बाहेरचं माणूस पायजे. तुझ्या आधीचे दोन भाडेकरू त्या पायीच गेले सोडून."

मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, अंगावर काटाही आला. मी रोज त्या खोल्यांमधून ये-जा करत होते. पण शाळा जवळ, काका सज्जन, आणि बदलीच्या गावात दुसरी खोली शोधत फिरायची माझी तयारी नव्हती. मी राहिले.

मासा आला तो माझ्या नवऱ्यामुळे. नवरा नोकरीला पुण्यात. परगावी एकट्या राहणाऱ्या बायकोला सोबत म्हणून माणसाने काय आणावं? ह्याने फायटर मासा आणला. निळ्या अंगाचा, लाल झुपकेदार शेपटीचा, बोटभर जीव, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी स्टीलच्या डब्यात. एसटीने, मांडीवर घेऊन, घाट उतरून. "दुकानदार म्हणाला काही करावं लागत नाही, ग्लासात पण राहतो," असं वर मलाच ऐकवलं.

"ग्लासात तू राहून बघ," मी म्हटलं.

ग्लासात राहतो वगैरे सगळं विकायचं बोलणं असतं. त्या माशाला चांगली ऐसपैस काचेची बरणी लागते, पाणी कोमट लागतं, नळाचं ताजं पाणी चालत नाही, एक दिवस उघडं ठेवून त्याचा औषधी वास जाऊ द्यावा लागतो. हे सगळं मी काकांना समजावून सांगत होते, कारण घरात पाणी भरलेली बरणी ठेवायची म्हणजे त्यांची परवानगी हवी. मला वाटलं, आता भांडण होणार. काका मात्र पिशवीतल्या माशाकडे बघत उंबऱ्यावर खिळून उभे राहिले.

"पिशवी उघडून लगेच नको ओतू," म्हणाले. तोवर मला नेहमी अहो-जाहो. त्या दिवशी पहिल्यांदाच एकेरीवर आले. "एकदम नवं पानी आलं की जीव घाबरतो. हळूहळू येव दे."

पुस्तकात अगदी हेच लिहिलेलं असतं. पिशवी बरणीतल्या पाण्यावर तरंगत ठेवायची आणि थोडं थोडं पाणी आत घालायचं. काकांनी चमचा आणला आणि पाऊण तास, चमचा चमचा, बरणीतलं पाणी पिशवीत घालत बसले. एक थेंब सांडला नाही. मासा मोकळा झाला तेव्हा त्यांनी बरणी किती भरायची ते बोटांनी दाखवलं, वरून चार बोटं मोकळी. मी चिडले नाही, कारण ते बरोबर होतं. हा मासा पाण्यात राहतो पण मधून मधून वर येऊन हवा पितो, आणि उडी मारून बाहेर पडायची खोड त्याला असते.

बरणी ठेवली बोळीत, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या फळीवर, कारण उजेड तिथेच होता. काका त्याला पाहुणा म्हणायचे. "पाहुणा जेवला काय?" रोज तीन दाणे, त्यापेक्षा एक जास्त नाही, त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच असतं हे मी सांगितलं ते त्यांनी मनावर घेतलं. आठवड्याला पाव बरणी पाणी बदलायचं तेही तेच करायला लागले. फोनवर नवरा विचारायचा, कसा आहे मासा? मी म्हणायची, "मजेत. तू माझी जेवढी चौकशी करत नाहीस तेवढी काका त्याची करतात."

एकदा शाळेतून येऊन बघते तर बरणीतलं पाणी काळ्या चहासारखं झालेलं. आत बदामाच्या झाडाचं एक वाळकं पान. मी चांगलीच तापले. "काका, माराल हं त्याला!"

"नाय मरत. पुराचं पानी असंच असतं. त्याला घरचं वाटल."

ते वाक्य मला आवडलं नाही. पण शोधून बघितलं तर जाणकार लोक ह्या माशांना बदामाचं पान मुद्दाम घालतात, त्याने त्यांची तब्येत राहते. काकांना हे कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मी पान तसंच राहू दिलं.

जुलैत मी चार दिवसांसाठी वाईला गेले आणि अडकले. पोलादपूरच्या वरच्या घाटात दरड आली, रस्ता बंद. आठव्या दिवशी परत आले तर काकांची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, आणि फळीवर बरणीशेजारी एक वही. पट्टी वाचणाऱ्याची वही. तारीख, वेळ, आणि पुढे "जिन्याकडे", "जिन्याकडे", "जिन्याकडे". पानंच्या पानं.

"तो फुलतो," काका म्हणाले. "रोज चारच्या सुमाराला. कल्ले फुगवतो, अंग ताठ करतो, आणि खाली बघतो. कोणावर फुलतो गो तो? खाली कोणच नाय."

मला हायसं वाटलं, कारण ह्याचं उत्तर मला येत होतं. फायटर जातीच्या माशाला दुसरा फायटर दिसला की तो कल्ले फुगवून अंगावर जातो, आणि आरशात स्वतःला बघूनही तसंच करतो. चारला खिडकीतून तिरपं ऊन येतं, काचेचा आरसा होतो, मासा स्वतःवरच फुलतो. मी काकांना बाजूला उभं करून दाखवलं, आणि जिन्याकडच्या काचेवर बाहेरून जाड पुठ्ठा चिकटवला. "बघा, आता नाही फुलणार."

दोन दिवस फुलला नाही. काकांनी दोन दिवस नीट जेवण केलं नाही. घरातून कोणाला तरी हाकलून दिल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, उन्हाचा पत्ता नव्हता. मी वह्या तपासत बसले होते आणि सहज वर बघितलं. मासा पुठ्ठ्याला नाक लावून उभा होता, कल्ले पूर्ण फुगवलेले. त्याला दिसत काहीच नव्हतं. तरी तो जिन्याकडेच तोंड करून होता.

काका माझ्याकडे बघत होते. आता बाई काय सांगते ते ऐकायला.

आणि बाईने सांगितलं. शिक्षकांना गप्प बसता येत नाही, हा आमचा जुना रोग. "काका, माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते. पाण्यातली बारीकशी थरथरसुद्धा त्याला तिच्यातून कळते. तो नुसत्या कानाने ऐकत नाही, अंगाने ऐकतो. खाली काही हललं असेल, जिना कुरकुरला असेल."

"म्हणजे खाली काय झालं तर ह्याला वर कळतं?"

"कळू शकतं."

"पत्र्यावर पाऊस असला तरी?"

तेव्हा कुठे मला समजलं मी काय बोलून बसले ते. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

त्यानंतर काका बरणीपाशीच बसून राहायला लागले. खाणं नाही, आळीत जाणं नाही. मधेच उठून खाली जायचे, स्वयंपाकघराच्या चौकटीशी टकटक करायचे, धापा टाकत वर यायचे. "फुलला काय गो? मी आता वाजवलं तवा फुलला काय?" वहिनींनी डब्यातली भाकरी त्यांच्यापुढे ठेवली तर तशीच वाळून जायची. दिवसेंदिवस माणूस आटत चालला. वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "तू काहीतरी कर गो. तुझाच मासा."

शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, "काका, बसा. एकदा नीट प्रयोग करू आणि हे संपवू."

पाऊस दुपारपासून असा लागला होता की पत्र्याखाली स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांना हवा होता तसाच पाऊस. मी सगळं आखून दिलं. काकांनी खाली स्वयंपाकघरात जाऊन उभं राहायचं. पाच-पाच मिनिटांनी सहा वेळा. काही वेळा हाक मारायची, काही वेळा मुद्दाम मारायची नाही, आणि आपल्या कागदावर तसं लिहायचं. मी वर बसून माझ्या कागदावर लिहायचं, ऐकू आली की नाही. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

"काय हाक मारू?" त्यांनी विचारलं.

"काकी तुम्हाला काय म्हणायच्या?"

"अवो म्हणायची."

"मग तेच म्हणा."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. काहीही ऐकू आलं तरी मी सहाच्या सहा वेळा "नाही" लिहायचं असं आधीच ठरवलं होतं. ऐकू येत नाही असं बाहेरच्या माणसाने लिहून दिलं की हा म्हातारा सुटेल, भाकरी खाईल. विज्ञानाच्या बाईने निकाल ठरवून प्रयोगाला बसायचं, लाजच वाटायला हवी. नाही वाटली.

काका खाली गेले. मी फळीशी स्टूल ओढून बसले. पुठ्ठा काढून टाकला होता. मासा बदामाच्या पानामागे पडून होता.

पहिली पाच मिनिटं, काही नाही. नुसता पत्रा. "नाही" लिहिलं. दुसऱ्या वेळीही काही नाही.

तिसऱ्या वेळी मासा पानामागून बाहेर आला. सावकाश वळला, जिन्याकडे तोंड केलं आणि एकाएकी फुलला. कल्ले, पंख, शेपटी, सगळं ताणून. आणि मला ऐकू आलं.

"अवो."

मोठ्याने नाही. घाबरून नाही. स्वयंपाकघरातून बाई, पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला काहीतरी विचारायचं म्हणून हाक मारते, तशी. वर पत्रा फुटेल असा पाऊस कोसळत होता आणि तो शब्द त्याच्या खालून सरळ माझ्यापर्यंत आला. म्हाताऱ्याने आवाज काय बायकी काढलाय, असं माझ्या मनात आलं. मी "नाही" लिहिलं.

चौथ्या वेळी शांत. पाचव्या वेळी पुन्हा. "अवो." ह्या वेळी जवळून. जिन्याच्या मधल्या पायऱ्यांवरून यावा तसा. मी वाकून खाली बघितलं. जिना रिकामा होता. काका चावटपणा करणाऱ्यांतले नव्हते, पण मी स्वतःला बजावलं की तेच असणार, हाक मारून मागे सरकले असतील. "नाही" लिहिताना पेनाने कागद फाटला.

सहावी वेळ झाली आणि काका वर आले. एकेक पायरी, कठड्याला धरून. माझ्या शेजारी खाली जमिनीवर बसले आणि आपला कागद माझ्या हातात दिला. त्यावर सहा फुल्या होत्या.

"एकदापन नाय मारली," म्हणाले. "स्वैपाकघरात जाऊन उभा राहिलो. तोंड उघडलं. आवाजच फुटंना. साही वेळा तसंच. तिची हाक माझ्या तोंडून कशी निघणार गो?"

मी मागे वळून जिन्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. कोणी नव्हतं.

काकांनी माझा कागद घेतला. सहा वेळा "नाही". त्यांनी मान हलवली. "तू खरं लिवलंस. नव्हतंच काय, तर ऐकणार कुठून? परत करावं लागल." आणि कागदाची घडी घालायला लागले. तेव्हा मला दिसलं की हे संपणार नाही. उद्या परत, परवा परत. मी सोडून गेले तर पुढच्या भाडेकरूबरोबर. श्वास आहे तोवर हा माणूस ह्या जिन्यावर वर-खाली करत राहणार.

"इथं कागद का फाटला गो?" काकांनी विचारलं.

मी खूप प्रयत्न केला, पण रडू आलंच. "काका, मी खोटं लिहिलं. तिसऱ्या वेळी ऐकू आलं. पाचव्या वेळी पण आलं."

"काय?"

"अवो."

त्यांनी बरणीकडे बघितलं. मासा अजून जिन्याकडे तोंड करून फुललेलाच होता. मग त्यांची नजर माडीच्या कोपऱ्यातल्या वह्यांच्या गठ्ठ्यांवर गेली आणि तिथेच थांबली. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला शब्दन् शब्द कळत होतं. एवढ्या पावसात ऐकू येतं. म्हणजे त्या दिवशीही आलं असतं. ती हाक मारत होती आणि मी इथे बसून वह्या लावत होतो. मीच त्यांना तिथवर आणून सोडलं होतं, आता मलाच काहीतरी करायला हवं होतं.

"तेवढंच नाही," मी म्हटलं. "पुढे पण म्हणाल्या. 'अवो, खाली येव नका.'"

मी ऐकलं होतं ते फक्त "अवो". पुढचं मी जोडलं. त्याचं पाप लागायचं असेल तर मला लागो. तेव्हाही मला असंच वाटलं, आजही असंच वाटतं.

काकांनी माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती. "असंच म्हणली?"

"असंच."

"रागात?"

"नाही काका. घाईत."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मी म्हटलं ते शब्द ते पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघत असावेत, तिच्या आवाजात बसतात का ते. मला वाटलं, आता ओळखणार, आता म्हणणार की ती असं बोलायची नाही, आणि मग मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण त्यांनी माझं मनगट सोडलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. खाली अंधारून आलं होतं. मागच्या स्वयंपाकघराची चौकट तेवढी दिसत होती.

ते मोठ्याने बोलले नाहीत. घरातल्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात बोलले.

"बरं गो," काका म्हणाले. "नाय येत."